एका मात्रेची जास्वंद

जास्वंदीचे झाड फूटभर उंचीत बसवता येते. जास्वंदीचे फूल लहान करता येत नाही. माझ्या नोकरीची पहिली सहा वर्षे या एका वाक्यात मावतात. पाने लहान होतात, पेरे आखूड होतात, खोड वयस्क दिसू लागते; फूल मात्र आपल्या जातीचे माप सोडत नाही. वीतभर झाडावर तळहाताएवढे फूल उमलले, तर पाहणाऱ्याला झाड दिसतच नाही. कोणीतरी कुंडीत छत्री उघडून ठेवली आहे असे वाटते.

आमची सरकारी रोपवाटिका बंगळूरच्या यशवंतपूर स्टेशनच्या पलीकडे, रुळांपासून हाकेच्या अंतरावर होती. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. होऊन मी तेथे रुजू झाले ती ‘कनिष्ठ साहाय्यक, तात्पुरती’ या पदावर. वामनवृक्ष विभाग नावाचा एक विभाग कागदावर होता. प्रत्यक्षात तो म्हणजे पत्र्याची शेड, एक लांब बाक, माळी मुनियप्पा आणि मी. मुनियप्पा माझ्या वडिलांच्या वयाचे. मी त्यांना ‘अण्णा’ म्हणे, ते मला ‘अम्मा’ म्हणत. कोण कोणाच्या हाताखाली, हा प्रश्न सरकारी आदेशाने सोडवला होता. बाकावर तो कधीच सुटला नाही.

घरी आईचा प्रश्न वेगळा होता. “झाडं मोठी करायला माणसं पगार घेतात, तू ल्हान ठेवायला घेतेस. सरी. पण स्थळ घेऊन आलेल्यांना मी काय सांगू गे?” मी म्हणे, “स्वल्प थांबायला सांग.” तीनशे वर्षे या गावात राहिलेल्या आमच्यासारख्या घरांत असेच बोलतात. मराठी आमची खरी. पण तिच्या चुलीवर कन्नडचे पाणी ठेवलेले असते.

वामनवृक्ष, ज्याला जपानी लोक बोन्साय म्हणतात, तो खुज्या जातीचा वृक्ष नव्हे. बी तेच, जात तीच. उथळ कुंडी, ठरावीक काळाने मुळांची छाटणी आणि शेंड्यांची खुडणी, एवढ्या तीन गोष्टींनी झाडाची उंची आवरली जाते. त्याची उपासमार केली जाते हा समज चुकीचा आहे. जास्वंद तर खादाड. करंजाची पेंड, चुलीची राख, बेळ्ळंदूर तळ्याचा वाळवून चाळलेला गाळ, आणि एप्रिलमध्ये दिवसातून दोनदा पाणी, इतके मिळाले तरच ती खूश असते. पण हे गिऱ्हाइकांना पटवणे हे झाड वाढवण्याहून अवघड होते. एक निवृत्त हेडमास्तर आमच्याकडून नेलेली कुंडी सहा महिन्यांनी काखेत घेऊन परत आले आणि म्हणाले, “हे वाढत नाही.” न वाढणे हाच तुम्ही विकत घेतलेला गुण आहे, असे मी समजावले. “मग सहा महिने मी पाणी कशाला घातलं?” असे विचारून ते माझ्याकडे नापास विद्यार्थ्याकडे पाहावे तसे पाहत राहिले. मल्लेश्वरमच्या एका बाईंनी झाडाची दया येऊन ते अंगणात लावून टाकले. दोन वर्षांनी त्या टोपलीभर फुले घेऊन आल्या आणि विजयाने म्हणाल्या, “पाहा! तुम्हाला जमत नव्हतं!”

वड, पिंपळ, उंबर यांचे वामनवृक्ष कोणीही करतो. ती झाडे भिंतीच्या भेगेतही तग धरतात. मला जास्वंद हवी होती, कारण ती करता येत नाही असे सगळे सांगत होते. अडचणी खऱ्या होत्या. तिचे लाकूड ठिसूळ. मोटारींची गुंडाळी करणाऱ्या दुकानांतून आणलेली जुनी तांब्याची तार फांदीला गुंडाळून वळवू गेले, की कट् असा आवाज येई आणि वर्षाची मेहनत हातात राही. अखेर मी तार सोडून दिली आणि कोवळी फांदी सुताने खाली ओढून कुंडीच्या काठाला बांधू लागले. दुसरी अडचण मूलभूत होती. जास्वंदीला फूल येते ते नव्या फुटीच्या टोकाला. झाड लहान ठेवायचे तर टोके खुडावी लागतात. टोके खुडली की फूल गेले. आकार आणि फूल यांच्यातला हा तंटा एकाच मार्गाने मिटतो, तो म्हणजे वेळ. शेवटची खुडणी केव्हा करायची आणि हात केव्हा आवरायचा, हे ठाऊक हवे. आमच्या शेडमध्ये खुडणीपासून उमलण्यापर्यंत सुमारे अकरा आठवडे लागत. ही संख्या मी चार पावसाळे कळ्या मोजून काढली होती आणि तिचा मला अभिमान होता.

अभिमान मोडण्याचे काम त्याआधी एकदा होऊन गेले होते. यशवंतपूरच्या रेल्वे क्वार्टर्सभोवतीचे जुने जास्वंदीचे कुंपण उखडले जात असताना मी मनगटाएवढ्या खोडांचे अकरा बुंधे मागून आणले. जात गावठी, लाल, एकेरी; फूल तीन बोटांत मावणारे. कलमापासून असे खोड व्हायला माझे निम्मे आयुष्य गेले असते. पुस्तकात लिहिले होते की झाड झोपेत असताना, हिवाळ्यात, मुळे छाटावीत. मी डिसेंबर ठरवला. मुनियप्पा म्हणाले, “युगादी होऊ दे, अम्मा.” युगादी म्हणजे आपला पाडवा.

“का?”

“ही झोपत नाही. तिला फक्त थंडी वाजते. आता मुळं कापलीत तर नवी यायला ऊब कुठनं आणणार?”

हे उत्तर पूर्णपणे शास्त्रीय होते. ते कन्नडमध्ये आणि विडीच्या धुरातून आल्यामुळे मला ते तसे वाटले नाही. पुस्तक बर्फ पडणाऱ्या देशाचे होते, हे मला संक्रांतीला उमगले. तोवर अकरापैकी सात झाडे गेली होती. झाडाविषयी आमच्याकडे ‘गेले’ असेच म्हणतात, ‘मेले’ म्हणत नाहीत. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा.

उरलेल्या चारांत क्रमांक चार अव्वल निघाली. खोड एका बाजूला झुकलेले, तळाशी मुळांचा पंजा मातीला धरून बसलेला, आणि उंची तेरा इंच.

याच सुमारास पुण्याहून आगाशे साहेब अधीक्षक म्हणून आले. माणूस सरळ, टापटिपीचा, खिशात कायम एक टिपणवही बाळगणारा. वहीत मराठीत, सुवाच्य अक्षरात लिहीत आणि खाडाखोड करत नसत. हाताखाली मराठी मुलगी आहे म्हणून त्यांना आनंद झाला. तो मी तोंड उघडेपर्यंत टिकला.

“मिस जाधव, तुमची मराठी जरा दक्षिणेकडे उतरलेली दिसते.”

“तीनशे वर्षांपूर्वी उतरली, साहेब. परतीचं तिकीट काढायचं राहिलं.”

ते हसले. कन्नड शिकण्याची गरज मात्र त्यांना वाटत नव्हती. “शब्द बरेचसे तेच आहेत हो,” ते म्हणत. “कान उघडा ठेवला की समजतं.”

त्या वर्षी वरून पत्र आले. वामनवृक्ष विभागाने ऑगस्टच्या पुष्पप्रदर्शनात काही ठोस करून दाखवावे. अन्यथा विभाग बंद करावा आणि तात्पुरत्या साहाय्यकाची मुदत वाढवू नये. मी साहेबांना लिहून दिले की प्रदर्शनाच्या दिवशी तेरा इंचांची फुललेली जास्वंद मांडीन. जास्वंदीचे फूल एकाच दिवसाचे असते. सकाळी उमलते, संध्याकाळी मिटते. म्हणजे मी फूल नव्हे, तारीख कबूल केली होती. अकरा आठवडे मागे मोजून मी शेवटची खुडणी केली आणि कात्री कपाटात ठेवून कुलूप घातले.

आणखी एक धोका कुंपणाबाहेर होता. बंगळूरची पूजा दासवाळाशिवाय होत नाही. दासवाळ म्हणजे जास्वंदच. हे तिचे कन्नड नाव. पहाटे हातात परडी आणि टोकाला आकडा बांधलेली काठी घेऊन सभ्य माणसे बाहेर पडतात आणि लोकांच्या कुंपणातून दासवाळाच्या कळ्या ओढून घेतात. पूजेच्या वेळी त्या उमलतात. त्यांना चोर म्हणणे कठीण. त्यांतले एक माझे हायस्कूलचे गणिताचे मास्तर होते.

प्रदर्शनाला बारा दिवस उरले असताना मला काकांच्या साठीशांतीसाठी तंजावरला जावे लागले. क्रमांक चारवर तेव्हा चौदा कळ्या होत्या. मी मुनियप्पांना सांगितले, “अण्णा, पाण्याची वेळ चुकवू नका. आणि आकडेवाल्यांवर लक्ष ठेवा.”

चार दिवसांनी परतले, तेव्हा कचेरीत माझ्या टेबलावर पाकीट होते आणि आगाशे साहेब स्वतः दारात उभे होते. बसा, असेही म्हणाले. साहेबांनी आधी बसा म्हणणे हे सरकारी कचेरीत चांगले लक्षण नव्हे.

“तुमच्या झाडाचं ऐकून फार वाईट वाटलं.”

“कोणत्या झाडाचं?”

“क्रमांक चार. मी नोंदींची यादी पक्की करायला शेडमध्ये गेलो होतो, जागा रिकामी. प्रदर्शनाच्या यादीतून नाव काढावं लागलं. यादी गेली. मुनियप्पाला हलगर्जीपणाबद्दल मेमो दिला आहे. तुमच्या मुदतवाढीबद्दल मात्र...” त्यांनी पाकिटाकडे पाहिले. “माझा नाइलाज आहे.”

मला राग आला. पण प्रयोगशाळेची सवय अशी, की निष्कर्षाआधी निरीक्षण कोणाचे हे विचारावे. मी विचारले, “झाड गेलं हे कोणी सांगितलं?”

“तुमच्या मुनियप्पानंच. आणि अगदी मराठीत. लिंग तेवढं चुकलं होतं, ते मी जागेवर सुधारलं.”

पुढचा संवाद मी दोघांकडून वेगवेगळा ऐकला; दोन्ही हकिकती अक्षरशः जुळल्या. साहेबांनी रिकाम्या बाकाकडे बोट करून विचारले होते, “जास्वंद?”

“दासवाळ मेले, सार.”

“अरेरे! केव्हा?”

माझ्या सहवासात मुनियप्पांनी केव्हा, कुठे, काल, पाणी, नको असे दहाबारा मराठी शब्द उचलले होते. ते उत्साहाने म्हणाले, “काल, सार.”

“कोणामुळे?”

“मी, सार! मीच!” आणि त्यांनी छातीवर हात ठेवला.

साहेब या प्रामाणिकपणाने हेलावले. तरीही व्याकरण त्यांना सोडवेना. “जास्वंद स्त्रीलिंगी आहे. ‘मेले’ नाही, ‘मेली’ म्हणा.”

“सरी, सार,” मुनियप्पा म्हणाले. सरी म्हणजे बरोबर. साहेबांनी वहीत लिहिले: ‘जास्वंद क्र. ४: मेली.’

ती ओळ त्यांनी मला दाखवली. मी विचारले, “साहेब, तुम्ही सुधारण्यापूर्वी ते नेमकं काय म्हणाले?”

“दासवाळ मेले.”

मी बोटाने छताकडे खूण केली.

साहेबांचा चेहरा उतरला. “हो,” ते हळूच म्हणाले. “स्वर्गात.”

“गच्चीवर, साहेब. कन्नडमध्ये ‘मेले’ म्हणजे ‘वर’.”

आगाशे साहेबांना जिना धावत चढताना मी त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचे पाहिले.

झाड कचेरीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, हिरवेगार उभे होते. शेजारी मुनियप्पा मेमोची घडी खिशात घालून बसले होते. इंग्रजीत असल्यामुळे तो प्रशस्तिपत्र असावा असा त्यांचा समज होता. मी निघाले त्याच्या दुसऱ्या पहाटे आकड्याने दोन कळ्या ओढल्या होत्या. म्हणून एक रात्र राखण करून, दुसऱ्या दिवशी त्यांनी कुंडी उचलून वर आणली. पण जास्वंदीला जागा बदललेली सोसत नाही. उजेडाची दिशा फिरली की ती कळ्या टाकते. फरशीवर नऊ कळ्या पडल्या होत्या. मोठ्या सगळ्या त्यांतच.

“अण्णा, हे काय केलंत!”

“तिनं टाकल्या त्या तिच्या, अम्मा. खाली असती तर सगळ्या परडीत गेल्या असत्या.”

झाडावर तीनच कळ्या उरल्या होत्या, वाटाण्याएवढ्या. साहेब गोरेमोरे झाले होते, पण माणूस न्यायी होता. “नाव मी पुन्हा माझ्या हातानं घालून आणीन,” ते म्हणाले. “मेमोही परत घेतो. पण फूल नसलेली जास्वंद मांडून काय सिद्ध होणार? फूल येईल का, ते सांगा.”

आठ दिवस होते. माझ्या तक्त्याप्रमाणे वाटाण्याएवढ्या कळीला अकरा दिवस लागत. म्हणजे प्रदर्शन आटोपून तीन दिवसांनी मला फुललेले झाड मिळणार होते, आणि तोवर मी त्या विभागात नसणार होते. मी म्हटले, “आधी हिला खाली नेऊ. तिच्या जुन्या जागी.”

मुनियप्पा उठून जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले. “पुन्हा हलवलीत तर याही टाकेल. मेलेच असू दे, अम्मा.”

तो शब्द ऐकून साहेब दचकले. मीही थांबले, पण दुसऱ्या कारणाने. मला अकरा बुंधे आठवले, डिसेंबर आठवला, आणि ‘ऊब कुठनं आणणार’ हा प्रश्न आठवला. मी कपाटातून दोन उष्णतामापक आणले. एक शेडमध्ये टांगला, एक गच्चीवर. दुसऱ्या सकाळी आकडे पाहिले आणि माझ्या चार पावसाळ्यांच्या तक्त्याकडे मी प्रथमच संशयाने पाहिले. शेडवर रेनट्रीची सावली, खाली सदैव ओल. गच्चीची दगडी फरशी ढगाळ दिवसांतही ऊब साठवून पहाटेपर्यंत सोडत होती. माझा अकरा हा आकडा जास्वंदीचा नव्हता. तो त्या शेडचा होता. एका जागेच्या मापाला मी झाडाचा स्वभाव समजले होते.

नवा तक्ता करायला वेळ नव्हता; आलेख काढायला होता. रोज सकाळी मी कॅलिपरने तिन्ही कळ्यांची लांबी घेऊ लागले आणि जुन्या नोंदींशेजारी बिंदू मांडू लागले. रेषा चढी निघाली. तिसऱ्या दिवशी एक कळी गळली. चौथ्या दिवशी मी साहेबांच्या टेबलावर आलेख ठेवला.

“येईल. प्रदर्शनाच्या सकाळी. दुसरी कळी मागाहून, तिचा उपयोग नाही.”

“म्हणजे एकच फूल?”

“नियमांत संख्या दिलेली नाही, साहेब.”

त्यांनी बराच वेळ आलेख पाहिला, टोपी घातली आणि प्रदर्शनाच्या कचेरीकडे निघून गेले. यादीच्या अगदी तळाशी शाईने लिहिलेली आमची नोंद मी पुढे पाहिली. अक्षर सुवाच्य होते.

आदल्या संध्याकाळी कळी लांबली, पिळदार झाली, हिरव्या पाकळ्यांच्या वर लाल रंग बोटभर निघाला. अशी कळी मग कशालाही भीत नाही. ती उद्या उमलणारच, झाड कुठेही न्या. सकाळी आम्ही जटका केला. मुनियप्पा कुंडी मांडीवर घेऊन मागे बसले, मी पुढे. खड्डा आला की ते घोडेवाल्याला ज्या शब्दांत सांगत, त्या शब्दांना मराठी प्रतिशब्द आहेत, पण देत नाही.

परीक्षक दहा वाजता आले, तेव्हा फूल पुरते उघडले होते. तेरा इंचांच्या झुकलेल्या झाडावर, उजवीकडच्या खालच्या फांदीला, तीन बोटांचे एक लाल फूल. छत्री नव्हे, झाडाच्या मापाला शोभेल असे. एका परीक्षकांनी वाकून देठ तपासला. “दोऱ्यानं बांधलेलं तर नाही ना?” मी त्यांना कळीची नोंदवही दिली. त्यांनी दोन पाने वाचली आणि ती आदराने परत केली. पहिले बक्षीस नेहमीप्रमाणे गुलाबाला गेले. आम्हाला उल्लेखपत्र मिळाले, आणि त्यानंतर जे मला खरोखर हवे होते ते: विभाग चालू ठेवण्याचा आदेश, आणि ‘तात्पुरती’ हा शब्द वगळलेले माझे पद. संध्याकाळी फूल मिटले. मुनियप्पांनी ते अलगद काढून रुमालात ठेवले. कोणत्या देवासाठी, हे मी विचारले नाही.

गच्चीच्या उबेवर मी पुढे निबंध लिहिला, तो छापून आला, आणि त्यामुळे मला दोन ठिकाणी व्याख्यानाला बोलावले. ही सारी माझ्या कष्टाची फळे आहेत असे मी मानते. विनय दाखवण्याचे कारण दिसत नाही. पण त्या निबंधात एक वाक्य आहे, जे मी आज वेगळे लिहीन. ‘स्थानिक निरीक्षणावरून असे सुचले की’, असे मी लिहिले. निरीक्षणाला नाव होते. ते लिहायला एक ओळही लागली नसती. पुढच्या वर्षी मुनियप्पा निवृत्त झाले. छापलेली प्रत मी त्यांना नेऊन दिली, त्यांनी ती चाळली, आणि आपले नाव कुठे आहे ते विचारले नाही. त्यांनी विचारले असते तर बरे झाले असते.

प्रदर्शनानंतर दोन दिवसांनी, झाड पुन्हा गच्चीवर गेल्यावर, आगाशे साहेब शेडमध्ये आले. मेमो परत घेतला होता, यादी सुधारली होती, शिफारस गेली होती. त्यांच्या हातात टिपणवही होती, पेनाचे टोपण काढलेले.

“मिस जाधव, एवढी एक नोंद राहिली. काट मारायची, की पान नवं करायचं?”

मी पाहिले. ‘जास्वंद क्र. ४: मेली.’

“काट नको, साहेब. शेवटच्या अक्षराची वेलांटी काढा आणि एक मात्रा द्या. नोंद बरोबर होईल.”

त्यांनी ब्लेडने वेलांटी खरवडली, फुंकर मारली, मात्रा दिली आणि वाचून पाहिले. मग दाराशी पेंड कुटत बसलेल्या मुनियप्पांकडे वळून, रुजू झाल्यापासून प्रथमच, त्यांनी कन्नडमध्ये विचारले, “दासवाळ?”

मुनियप्पांनी मान वर केली नाही. “मेले, सार.”

“सरी,” साहेब म्हणाले, आणि वही मिटली.